दहा घरगुती शब्द

मला एका जागी बसवत नाही. शाळेत मास्तर म्हणायचे, याच्या पायाला भिंगरी आहे. हॉटेलात चहा मागवला तर तो टेबलावर यायच्या आत मी दोनदा उठून रस्ता बघून यायचो. असा माणूस कोडोलीहून मानसशास्त्रात एम.ए. करायला कोल्हापुरात आला, आणि प्रबंधाला विषय निवडला तो असा की ज्यात समोरच्या माणसाजवळ तासभर गप्प बसावं लागतं. सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं. गावात कुणी विचारलं की मी "कॉलेज शिकतोय" एवढंच सांगायचो. मानसशास्त्र म्हटलं की लोक लगेच तळहात पुढं करायचे आणि म्हणायचे, "बगा की, नशिबात काय हाय."

पहिल्याच आठवड्यात आमच्या सरांनी वर्गातल्या सगळ्यांना व्यक्तिमत्त्वाची एक प्रश्नावली भरायला दिली होती. तुम्हाला झोप लवकर लागते का, लहानसहान गोष्टींनी तुम्ही चिडता का, असले प्रश्न. त्यात मी चांगला घसघशीत अस्थिर निघालो. सरांनी माझा कागद वर धरला आणि म्हणाले, "याला चाचणी कशाला हवी होती? हा गृहस्थ दार ढकलून आत आला तेव्हाच मला कळलं होतं." वर्ग हसला. मीही हसलो, पण मनातून फार चिडलो. त्या चिडण्यातूनच माझा विषय ठरला असावा. ज्यांच्या मनाला सतत धास्ती असते त्यांचं स्मरण कमी पडतं का, हे मला बघायचं होतं. कमी पडत नाही असं निघावं, अशी माझी आतून फार इच्छा होती.

स्मरण मोजायची रीत सोपी होती. दहा शब्द हळूहळू वाचून दाखवायचे, मग थोडा वेळ इकडचंतिकडचं बोलायचं, आणि मग विचारायचं की मघाचे शब्द आठवतात ते सांगा. ग्रंथालयातल्या इंग्रजी पुस्तकात शब्दांची तयार यादी होती. तिचं आमच्याकडच्या कुणीतरी केलेलं मराठी रूपांतर मी वाचलं, तर त्यात बिगुल होता, धर्मगुरू होता, गालिचा होता. शाहूवाडीच्या बाईनं आयुष्यात गालिचा कधी बघायचा? मी ती यादी फेकून दिली आणि स्वतः बसून दहा शब्द काढले. दगड, दूध, केर, वाट, तुळस, सूप, हिरा, मीठ, चूल, दोर. सगळे घरातले, तोंडातले. सरांनी यादी वाचली आणि पहिल्यांदा माझी पाठ थोपटली. "याला म्हणतात आपल्या मातीतलं संशोधन," असं काहीतरी ते बोलले. मी आठवडाभर हवेत होतो.

माणसं मिळवायला मी गंगावेशीकडच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात बसू लागलो. ते मनाच्या आणि डोक्याच्या आजारांवर औषध देत. भल्या सकाळी खेड्यापाड्यांतून एस.टी.नं माणसं यायची, व्हरांड्यात बसून राहायची. डॉक्टरांना वेळ नसायचा आणि मला वेळच वेळ होता. मागच्या खोलीत त्यांनी मला एक टेबल दिलं. मी माझी चाचणी घ्यायची, निकाल त्यांना दाखवायचा, त्यांना उपयोग झाला तर झाला. हळूहळू त्यांना उपयोग व्हायला लागला. "आमच्या प्रोफेसरांना दाखवून या," असं ते पेशंटला सांगायचे. मी प्रोफेसर नव्हतो, पण मी ते कधी दुरुस्तही केलं नाही.

भाताची रोपं लावायचे दिवस होते, तेव्हा ती आली. शाहूवाडीकडच्या एका गावची, विशी-बाविशीची. बरोबर तिचा थोरला दीर होता, घोंगडं खांद्यावर टाकलेला. ती माझ्यासमोर स्टुलावर बसली आणि तो भिंतीला टेकून उभा राहिला. त्यानंच सगळं सांगितलं.

"ध्यानच ऱ्हात न्हाय हिच्या. दूध चुलीवर ठेवती आन् इसरती. परवा लेकरू मांडीवर घिऊन चुलीम्होरंच डुलकी काढली. पदराला जाळ लागलाता. आमी हुतो म्हणून वाचली दोगीबी. आमचं म्हातारं लई भ्यालंय."

तिनं मान वर केली नाही. दोन्ही हातांनी पदर छातीशी घट्ट धरला होता. मी प्रश्नावली काढली तेव्हा ती म्हणाली, "लई येळ लागंल काय? पोरगी घरला हाय. आठ म्हयन्याची."

"नाही, लगेच होईल," मी म्हणालो. तिच्या चोळीला दूध पाझरलं होतं, ते मला दिसलं आणि मी नजर कागदावर वळवली. कागदावर लिहिलं, अस्वस्थ, लक्ष नाही.

मी दहा शब्द वाचले. मग थोडा वेळ शेताचं, पावसाचं विचारलं. ती दिवसभर चिखलात रोप लावून येत होती आणि रात्री पोरगी झोपू देत नव्हती, एवढं त्यातून कळत होतं. पण ते माझ्या प्रबंधाच्या कुठल्या रकान्यात बसत नव्हतं. मग म्हटलं, सांगा आता मघाचे शब्द.

"दूध," ती म्हणाली. "वाट. सूप. मीठ. चूल. दोर." एका दमात सहा आले. मग ती थांबली. तिनं दिराकडं चोरून बघितलं. "धोंडा," ती हळूच म्हणाली. "कचरा." मग उजव्या हातानं पाणी घातल्यासारखं केलं, डाव्या हाताच्या बोटाला हात लावला, आणि हात पदराखाली घेतला.

"आणखी? दोन राहिले. मी धोंडा म्हणालो नव्हतो. नीट आठवा."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मला आत कुठंतरी आनंद झाला. माझी मूळची इच्छा उलटी होती, आणि हे सांगायलाही लाज वाटते, पण झाला. कारण पुस्तकात हेच लिहिलं होतं. मन ढवळलेलं असलं की माणूस नुसता विसरत नाही, ऐकलेल्या शब्दांत न ऐकलेले शब्द घुसडतो. असं उदाहरण मला इतके दिवस मिळालं नव्हतं. मी कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिलं की स्मरणात भेसळ, आणि खाली लिहिलं, असंबद्ध हातवारे. डॉक्टरांनी तो कागद वाचला, पदराला लागलेल्या जाळाचं ऐकलं, आणि चिठ्ठी लिहिली. स्मरणात गोंधळ आहे, काही दिवस माहेरी विश्रांती द्यावी, तान्हं मूल तिच्याकडं देऊ नये.

दिरानं चिठ्ठी मला वाचून दाखवायला लावली. मी वाचली. ती स्टुलावरून एकदम उठली. "पोरगी अंगावर पितीया," ती म्हणाली. तेवढंच. दीर वाईट माणूस नव्हता. त्याचाही चेहरा पडला होता. "कागदावर लिवलंय म्हटल्यावर आमी काय करणार, बाय?" असं म्हणत तो तिला घेऊन गेला. तिचं माहेर पार दुसऱ्या टोकाला, मुरगूडच्या पलीकडं होतं. शाहूवाडीहून तिथं जायला सबंध दिवस लागायचा.

पुढचे दिवस माझ्या पायांना थारा नव्हता. काम तर जोरात होतं. कागद साठत होते. पुरुषांना शब्द जास्त आठवतात आणि बायकांना कमी, असंही दिसायला लागलं होतं. त्यावर एक परिच्छेद मी झोकात लिहून टाकला होता. बायकांची धास्ती जास्त, म्हणून स्मरण कमी. सरांना तो आवडला. पण वाचनालयात बसलो की मला ती बोटाला लावलेली बोटं दिसायची. मग उठायचो, रंकाळ्याला एक फेरा मारायचो, परत यायचो, परत उठायचो. मला वाटलं, परीक्षेची काळजी असेल.

तीन आठवडे असे गेल्यावर एका शनिवारी मी कोडोलीला घरी गेलो. रविवारी सकाळी आई भाकरी थापत होती. मी तिच्याजवळ पाटावर बसलो होतो, म्हणजे बसत होतो आणि उठत होतो.

"म्हादेवाच्या वारी जाणार न्हवं तू?" आई म्हणाली. "मग दशम्या करून देतो."

"हो," मी म्हणालो, आणि तोंडातला घास तसाच राहिला.

आमची आई सोमवार म्हणत नाही. माझ्या वडिलांच्या नावात सोम आहे. लहानपणी मला वाटायचं, त्या वाराला सगळ्यांच्या आया म्हादेवाचा वारच म्हणत असतील. शाळेत गेल्यावर कळलं, तेव्हा मी आईला चिडवायचो, म्हण की एकदा, म्हण की. ती उलथनं घेऊन मागं लागायची. हे सगळं मला माहीत होतं. मी त्यातच वाढलो होतो. आणि कोल्हापुरात टेबलामागं बसल्यावर ते माझ्या डोक्यातून पार पुसून गेलं होतं. मी, स्मरणावर प्रबंध लिहिणारा.

मी आईपुढं माझे दहा शब्द म्हटले. दोर काढला आणि त्याजागी सोमवार घातला. तिला वाटलं, पोराला काही झालंय. भाकरी उलटून होईपर्यंत मी थांबलो आणि म्हटलं, सांग आता. तिनं नऊ शब्द घडाघडा सांगितले. मग म्हणाली, "आन् म्हादेवाचा वार."

"आई, मी तसं म्हणालो नव्हतो. मी म्हणालो तोच शब्द म्हण."

"मला काय याड लागलंय?" आई म्हणाली.

मी उठलो. दशम्यांची वाट न बघता पिशवी घेतली. वडील ओट्यावरून हाका मारत राहिले.

खोलीवर येऊन मी सगळे कागद जमिनीवर पसरले. बायकांच्या कागदांवर एखादा शब्द राहिलेला, एखादा बदललेला, हे जागोजाग होतं. एकीनं तुळशीला "ती अंगणातली" म्हटलं होतं, तिच्यापुढं मी उद्गारचिन्ह काढलं होतं. आमच्याकडं मुलं जगत नाहीत म्हणून पोरांना दगडाची, धोंड्याची, केराची नावं ठेवतात. मुलींना तुळशीचं, आणि हिऱ्याचं तर दोघांनाही. म्हणजे मी वेचून वेचून घरगुती शब्द काढले होते आणि त्यांतले निम्मे खेड्यातल्या सासू-सासऱ्यांची नावं होती. गालिचा ठेवला असता तर बरं झालं असतं.

सोमवारी मी डॉक्टरांकडं गेलो. ते आधी ऐकेनात. "अहो, जाळ लागला होता ना पदराला?" म्हणाले. मी म्हटलं, तिला झोप नव्हती, दुसरं काही नव्हतं, आणि मी तुम्हाला चुकीचा कागद दिला. माझा आवाज चढला होता. व्हरांड्यातली माणसं डोकावून बघत होती. डॉक्टरांनी त्यांच्याकडचा तिचा कागद काढून माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाले, "आधी खात्री करून या. मग मी लिहून देतो." कागदावर तिच्या माहेरचा पत्ता होता. मी तडक मुरगूडची गाडी पकडली.

ती माहेरच्या परसात भांडी घासत होती. मला बघून तिनं हात धुतले आणि दाराआड गेली. तिच्या आईनं मला घोंगडं टाकून दिलं आणि विचारलं, "कुठलं पावणं?" मी कोण ते सांगितलं. तिचा चेहरा लाकडासारखा झाला. मी विचारलं, लेकीच्या सासऱ्याचं नाव काय? तिनं सांगितलं. नवऱ्याचं? सासूचं? थोरल्या दिराचं? तिनं चारी सांगितली. मी ती इथं लिहीत नाही, लिहायची गरजही नाही. दगड, केर, तुळस, हिरा. चारी जसेच्या तसे. आणि तो चौथा त्या दिवशी भिंतीला टेकून तिच्यासमोर उभा होता.

मी मान खाली घालून बसलो. तेवढ्यात दाराआडून तिचा आवाज आला.

"सायेब, ते शब्द मला अजून ध्यानात हायत. सांगतो. लिवून घ्या." आणि तिनं सुरुवात केली. "धोंडा. दूध. कचरा. वाट. विंद्रावनातली. सूप. अंगठीतला खडा. मीठ. चूल. दोर."

त्याच क्रमानं, जसे मी वाचले होते तसे. तीन आठवडे झाले होते. माझ्या स्वतःच्या यादीचा क्रम मला कागद बघितल्याशिवाय सांगता आला नसता.

"रोज म्हणत हुतो," ती म्हणाली. "परत कुणी इच्यारलं तर चुकायला नगं म्हणून." मग दाराआडून बाहेर आली. "आता पोरगी कवा देतील?"

उद्या, मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी, ती आणि तिचा भाऊ असे तिघं कोल्हापूरला उतरलो. डॉक्टरांनी तिला समोर बसवून स्वतः दहा मिनिटं विचारपूस केली आणि नवी चिठ्ठी दिली. स्मरण उत्तम आहे, झोप मिळावी, मूल आईजवळ द्यावं. शाहूवाडीच्या गाडीत मी सारखा खिशातली चिठ्ठी चाचपत होतो. ती खिडकीशी बसली होती आणि गाडी थांबली की उठून उभी राहायची, अजून किती गावं राहिली ते विचारायची. तिला कसली तरी धास्ती होती. मी म्हटलं, चिठ्ठी आहे, कुणी नाही म्हणणार नाही. ती म्हणाली, "त्याची न्हाय."

सासरा सोप्यात बसला होता. तुळशीकडनं सासू आली, शेतातनं दीर आला. नवरा दाराशी उभा राहून बायकोकडं बघत होता. चिठ्ठी मी मोठ्यानं वाचली. म्हाताऱ्यानं विचारलं, "मग आदी का तसं लिवलंतं?"

मी सगळं सांगितलं. कुठले शब्द होते, ती काय म्हणाली, का म्हणाली. म्हाताऱ्यानं डोक्याचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं.

"म्हंजे आमचं नाव घेतलं न्हाय," तो म्हणाला, "म्हणून तुमी तिला याडी ठरवली?"

"हो," मी म्हणालो. "माझी चूक."

"शिकल्याली माणसं," म्हातारा म्हणाला. एवढंच. सासूनं आत हाक मारली आणि धाकटी जाऊ पोरीला कडेवर घेऊन बाहेर आली.

पोरगी गुबगुबीत दिसत होती. शेळीचं दूध तिला मानवलं होतं. तिची आई दोन पावलं पुढं झाली, हात पसरले. पोरीनं तिच्याकडं बघितलं, अगदी माझ्याकडं बघितलं तसंच. मग तोंड फिरवलं आणि जावेच्या खांद्यात लपवलं. आईनं पुन्हा हात लावला, तर रडायलाच लागली.

गाडीत ती कशाला भ्याली होती, ते मला तेव्हा कळलं. माझ्या प्रबंधात विसरणे हा शब्द पानोपानी होता. खरं विसरणं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं, आणि ते मीच घडवून आणलेलं होतं. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. पण त्या दिवशी मी बसलो, जिथं उभा होतो तिथंच, उंबऱ्यावर.

जावेनं पोरीला खाली जमिनीवर ठेवलं. आई तिच्यापासून हातभर अंतरावर मांडी घालून बसली. तिनं ओढलं नाही, उचललं नाही. पोरगी हुंदके देत जावेच्या लुगड्याला धरून तिच्याकडं बघत होती.

"इसरलीस व्हय गं मला?" ती म्हणाली. "असू दे. माझ्या ध्यानात हाईस की."